चाक उलटं का फिरतं?

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या माणसाला एक दृश्य नक्की आठवत असेल. टांगा भरधाव सुटलाय, मागे घोडेस्वार लागलेत, धुरळा उडतोय, पुढच्या रांगेतली पोरं उभी राहून ओरडताहेत, आणि टांग्याचं चाक मात्र उलटं फिरतंय. मध्येच ते क्षणभर थबकल्यासारखं दिसतं आणि पुन्हा उलटं फिरू लागतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. घरी बैलगाडी होती. चाकाचे आरे, त्यांना धरणारे पाटे, वरची लोखंडी धाव, सगळं हाताखालचं. चाक उलटं फिरलं की गाडी मागे येते आणि मागे उभ्या असलेल्या पोराने लगेच बाजूला व्हायचं असतं, हे अंगात मुरलेलं होतं. म्हणून त्या रात्री मला नायकापेक्षा त्या चाकाचीच काळजी लागून राहिली. शेजारच्या मोठ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "फिल्म उलटी लावली असंल." पण फिल्म उलटी लावली असती तर घोडेही पाठमोरे पळाले असते. ते तर नीट पुढे पळत होते.

या कोड्याचं उत्तर मिळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. मिळालं तेव्हा कळलं की मारधाडीच्या सिनेमाची निम्मी कारागिरी त्या एका चाकात आहे. गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग काढायची वेळ येते तेव्हा तर दिग्दर्शकाला याच कारागिरीचा आधार असतो. कारण कथेतलं नवल पहिल्या भागातच खर्च झालेलं असतं.

सेकंदाला २४

सिनेमाच्या पट्टीवर हालचाल नावाची गोष्टच नसते. तिच्यावर असतात एकामागून एक घेतलेल्या स्थिर तसबिरी, एका सेकंदाला २४. यंत्रात एक तसबीर दिव्यासमोर क्षणभर थांबते. मग झडप उजेड झाकते, त्या अंधारात पट्टी एक घर पुढे सरकते आणि झडप उघडते. शाळेत वहीच्या कोपऱ्यावर पानोपानी पळणारा माणूस काढून पानं फर्रकन सोडायचो, तोच हा प्रकार. दोन चित्रांमधली फट आपला मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरतो.

हा अंदाज कधी चुकतो? घड्याळाचं उदाहरण घ्या. समजा, एखाद्याने दिवसभर बरोबर दर ५५ मिनिटांनीच घड्याळाकडे पाहिलं. त्याला मिनिटकाटा प्रत्येक वेळी आधीपेक्षा ५ मिनिटं मागे दिसेल. मधल्या वेळात काटा जवळजवळ पूर्ण फेरी मारून आला, हे त्याने पाहिलेलंच नाही. तो शपथेवर सांगेल की हे घड्याळ उलटं चालतं.

आता टांग्याचं चाक. त्याला १२ आरे आहेत असं धरू, म्हणजे दोन आऱ्यांत ३० अंशांचं अंतर. दोन तसबिरींच्या मधल्या वेळात चाक बरोबर ३० अंश फिरलं, तर पहिल्या आऱ्याच्या जागेवर मागचा आरा येऊन बसतो. सगळे आरे दिसायला सारखे, त्यामुळे मेंदूला वाटतं चाक हललंच नाही. तेच चाक २७ अंश फिरलं, तर मागून येणारा आरा त्या जागेपासून ३ अंश अलीकडे राहतो. आरा २७ अंश पुढे गेला असेल की ३ अंश मागे आला असेल? मेंदू नेहमी जवळचं उत्तर निवडतो. म्हणून चाक उलटं. चाक एक मीटर व्यासाचं असेल तर हा थबकण्याचा क्षण ताशी साधारण साडेबावीस किलोमीटरला येतो, आणि त्याच्या जरा खालच्या वेगाला चाक मागे फिरतं. टांग्याचं घोडं याच वेगाच्या आसपास धावतं, म्हणून टांग्याच्या पाठलागात हे हटकून दिसतं.

चाकाच्या बाबतीत मेंदूची ही सवय आपल्याला फसवते. पण हीच सवय हाताशी धरून दिग्दर्शक घोडा वाऱ्यासारखा पळवतो, हात न लावता माणसाला मुक्का मारतो आणि साडेसहा फुटांच्या बुरुजाचा शंभर फुटी बुरूज करतो.

हंटरवाली आणि तिची लेक

एखाद्या खमक्या बाईला 'हंटरवाली' म्हणायची रीत अजून गेलेली नाही. हा शब्द घरोघरी पोचवला सिनेमाने. १९३५ साली मुंबईत जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला. नायिका होती मेरी अ‍ॅन इव्हान्स, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात जन्मलेली आणि भारतात वाढलेली बाई. पडद्यावर तिचं नाव नादिया. डोळ्यांवर मुखवटा, हातात हंटर, मांडीखाली घोडा, आणि अन्याय करणाऱ्यांवर तुटून पडणारी राजकन्या. उड्या, मारामाऱ्या, घोडेस्वारी ती स्वतः करायची. तिचे सिनेमे मुंबईत चालले तसेच लहान गावांत आणि फिरत्या तंबूंतही चालले. भाषा फारशी कळली नाही तरी चालायचं. आसुडाला भाषा लागत नाही.

आठ वर्षांनी, १९४३ मध्ये, होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सने 'हंटरवाली की बेटी' आणला. भारतीय सिनेमातला पहिला 'दुसरा भाग' म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. परळच्या ज्या आवारात वाडिया मूव्हीटोनचा पसारा होता तिथे त्याच सुमारास व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली काढलेल्या 'सिंहगड'मध्ये शेलारमामा झालेला तरुण म्हणजे हेच शांताराम. हा 'सिंहगड' दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवावा. पेंटरांनी त्यात रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि त्यांच्याकडचा कॅमेराही त्यांनीच सहकारी दामल्यांच्या साथीने घडवलेला होता. आपल्याकडच्या साहसपटाची मुळं अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

'हंटरवाली की बेटी'च्या काळातली एक अडचण नीट समजून घेतली पाहिजे. दुसरं महायुद्ध चालू होतं, कच्च्या फिल्मचा तुटवडा होता आणि सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली होती. एका फुटात १६ तसबिरी मावतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट, आणि ११,००० फुटांत जेमतेम दोन तास. गाणी, विनोद, प्रेम, सूड आणि मारामाऱ्या सगळं त्यात बसवायचं. प्रत्येक फूट मोजून वापरायचा. अशा वेळी पाठलाग लांबवता येत नाही, तो वेगवानच करावा लागतो. मग वेग आणायचा कुठून?

मनगटातला वेग

होमी वाडिया दिग्दर्शक होण्याआधी कॅमेरामन होते, तेही मूकपटाच्या काळातले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला पिठाच्या जात्यासारखी हाताने फिरवायची मूठ असे. मुठीच्या एका फेऱ्यात ८ तसबिरी निघत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ तसबिरी, हा साधारण रिवाज. हात सवयीचा झाला की कॅमेरामनला कळायचं, मनगट जरा सैल सोडलं आणि फेरे कमी झाले की पडद्यावर तीच हालचाल जलद दिसते.

यातलं गणित सोपं आहे. घोडा तीन सेकंदांत एक ओढा ओलांडतो. तो सेकंदाला २४ ऐवजी १८ तसबिरींनी टिपला, तर तीन सेकंदांच्या ५४ तसबिरी झाल्या. थिएटरातलं यंत्र तर २४ च्या वेगानेच दाखवणार. ५४ तसबिरी सव्वादोन सेकंदांत संपल्या. घोडा तेवढाच पळाला, पण पाहणाऱ्याला तो पावपट कमी वेळात पलीकडे गेलेला दिसला.

बोलपट आल्यावर हे अवघड झालं. आवाजाला वेग बदललेला चालत नाही, माणूस चिमणीसारखा बोलू लागतो. म्हणून संवादांना २४ चा वेग कायम झाला. पण घोड्यावर संवाद कुठे असतात? मारामारी आणि पाठलाग आवाजाशिवाय, कमी वेगाने चित्रित करायचे आणि टापा, आरोळ्या, संगीत नंतर जोडायचं, ही वाट मोकळीच राहिली.

यात चोरी पकडली जाते ती मात्र भलत्याच ठिकाणी. घोडा आणि स्वार यांच्यावर आपला विश्वास बसतो, कारण घोडा नेमका किती पळतो हे कुणी मोजलेलं नसतं. पण मागे एखादा म्हातारा काठी टेकत चालला असेल तर तो तुरुतुरु चालू लागतो. वाऱ्यावरचा पदर जास्तच फडफडतो. पाणी भांड्यातून ओतल्यावर फार लवकर खाली पडतं. चालणं, कापड आणि पाणी यांचा वेग आपण जन्मापासून पाहत आलोय, तिथे डोळा फसत नाही. म्हणून जाणता कॅमेरामन वेगाची करामत करताना या तीन गोष्टी चौकटीबाहेर ठेवतो.

वेग वाढवायची आणखी एक युक्ती आहे आणि तिला मनगटाचीही गरज नाही. बुलडाण्याहून मोताळ्याकडे एसटीने राजूर घाट उतरताना खिडकीतून पाहा. रस्त्याकडेची झुडपं सपासप मागे जातात आणि पलीकडची अजिंठ्याची डोंगररांग जागची हलत नाही. गाडीचा वेग एकच, पण जवळची वस्तू डोळ्यासमोरून झटकन सरते आणि दूरची रेंगाळते. बैलजोड्यांची शर्यत, म्हणजे शंकरपट, पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मळ्याच्या बांधावरून पाहिलेली जोडी रमतगमत गेल्यासारखी वाटते. दाणीच्या, म्हणजे शर्यतीच्या वाटेच्या, कडेला उकिडवं बसून पाहिली तर काळजाचा ठोका चुकतो. म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा, त्याच्यासमोरून गवत, दगड, खुरं जाऊ द्यायची. घोड्याला एक चाबूकही न मारता त्याचा वेग दुप्पट वाटतो.

आसूड वाजतो कुठे?

आता हंटर. आठवडी बाजारात कडकलक्ष्मी घेऊन येणारा पोतराज मी लहानपणी अगदी चार हातांवरून पाहिलाय. कमरेला रंगीत चिंध्यांचं घोळदार वस्त्र, पायांत चाळ, हातात आसूड. मुठीपाशी अंगठ्याएवढा जाड आणि टोकाला सुतळीइतका बारीक होत गेलेला. तो हात मागे नेऊन झटकायचा आणि 'फट्ट' असा आवाज व्हायचा. अंगावर फटका बसल्याचा हा आवाज, असं आम्ही सगळे समजायचो. एकदा मी फक्त टोकाकडे पाहत राहिलो. आवाज झाला तेव्हा टोक अंगाजवळ आलेलंच नव्हतं. ते हवेत होतं, त्याच्या डोक्यावर.

आसूड हवेतच वाजतो. हात झटकला की आसुडात एक वेटोळं तयार होतं आणि ते मुठीकडून टोकाकडे धावत जातं. हाताने दिलेला जोर त्या वेटोळ्यात असतो. सुरुवातीला तो जाड, जड भागाला हलवतो. पुढे आसूड बारीक होत जातो, हलवायचं वजन कमी होत जातं, पण जोर मागून येतच असतो. रुंद पाटातलं पाणी अरुंद सारणीत शिरलं की कसं उसळून धावतं, तसं. शेवटी टोकाशी काही ग्रॅम दोरी उरते आणि तिचा वेग आवाजाच्या वेगालाही मागे टाकतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, ताशी बाराशे किलोमीटरहून जास्त. त्यापेक्षा जलद जाणाऱ्या वस्तूसमोरची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दबते आणि फुटल्यासारखी वाजते. लढाऊ विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं की जो धडाका होतो, त्याच जातीचा हा आवाज. विमानं असा वेग गाठू लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. पोतराजाचा आसूड त्याच्या कितीतरी आधीपासून गाठतोय.

यात सिनेमावाल्यांच्या उपयोगाचं एक सत्य आहे. आवाज करायला कुणाला मारावं लागत नाही. हंटर खलनायकापासून दोन हात अलीकडे वाजवला तरी चालतो, फक्त कॅमेरा अशा ठिकाणी हवा की हंटर आणि माणूस एका रेषेत येतील. पौर्णिमेचा चंद्र देवळाच्या कळसावर टेकलेला दिसतो तसंच हे. एका डोळ्याने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पुढचं-मागचं अंतर कळत नाही. मुक्क्याचंही तसंच. मूठ गालापुढून वीतभर अंतराने जाते, मार खाणारा त्याच क्षणी मान झटकतो आणि आवाज त्यात नंतर घातला जातो. तो आवाज किंचित मोठा, भरीव असावा लागतो. खऱ्या मुक्क्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, तो अगदीच बोदा असतो.

जाता जाता तंबूचा हिशेब. कर्णा पडद्यापाशी असेल आणि तुम्ही ३४ मीटरवर शेवटच्या रांगेत बसला असाल, तर हंटरचा आवाज तुमच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. तेवढ्यात पडद्यावरून दोन तसबिरी निघून गेलेल्या असतात. तरीही कुणाची तक्रार नसायची. गावात दूरवर धुणं आपटणाऱ्या बाईचा हात आधी वर जातो आणि आवाज मागून येतो, हे आपण रोज पाहतोच.

चौकट : घरी करून पाहा

टेबलफॅन भर उन्हात ठेवून सुरू करा आणि मोबाइलवर त्याचं साधं चित्रीकरण सुरू ठेवून पंखा बंद करा. पाती मंदावत असताना ती मध्येच थांबलेली, उलटी फिरलेली, पुन्हा सुलटी झालेली दिसतील. पंखा तीन पात्यांचा आणि मोबाइल सेकंदाला ३० तसबिरी घेणारा असेल, तर सेकंदाला १० फेरे होतात त्या क्षणी पाती जागच्या जागी गोठतात. मग मोबाइलच्या 'स्लो मोशन'मध्ये गोटी टेबलावरून खाली पडताना टिपा. तीच गोटी डोंगरावरून घरंगळलेल्या धोंड्यासारखी जड दिसेल. असं का, ते पुढे येतंय.

नांदुऱ्याच्या मूर्तीएवढा बुरूज

नांदुऱ्याला महामार्गालगत हनुमानाची १०५ फूट उंच मूर्ती आहे. तेवढ्याच उंचीचा बुरूज सुरुंगाने उडवायचाय असं समजा. खरा बांधून उडवणं परवडणार नाही. म्हणून त्याच्या सोळाव्या हिश्श्याचा, साधारण साडेसहा फुटांचा बुरूज बांधतात. माती, चुना, लाकूड, रंग, सगळं हुबेहूब. आणि उडवल्यावर तो साडेसहा फुटांचाच दिसतो.

गोम पडण्याच्या वेळेत आहे. १०५ फुटांवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे अडीच सेकंद घेतो. साडेसहा फुटांवरचा साधारण पाऊण सेकंदाच्या आतच खाली येतो. किती उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला किती वेळ लागतो, हे आपल्याला गणित न शिकता माहीत असतं. त्यामुळे दगड झटकन पडला की मन म्हणतं, खेळणं आहे.

उपाय मनगटाच्या युक्तीच्या बरोबर उलट. उंची १६ पट कमी असली तर पडण्याचा वेळ ४ पट कमी होतो, कारण ४ चौक १६. म्हणून कॅमेरा ४ पट जलद चालवायचा, सेकंदाला २४ ऐवजी ९६ तसबिरी. पडद्यावर त्या २४ च्या चालीने दाखवल्या की दगड अडीच सेकंद घेत खाली येतात, धूळ सावकाश उठते आणि छोटा बुरूज अजस्र होतो. धुळीचे कण मात्र आपोआप लहान होत नाहीत, म्हणून तिथे बारीक चाळलेली माती वापरतात. पाण्याचा थेंब तर लहान होतच नाही, म्हणून छोट्या प्रतिकृतीत फुटलेलं धरण कधीच पुरतं खरं वाटत नाही.

आपल्याकडे अशा युक्त्यांचा मोठा कारागीर म्हणजे बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये अदृश्य माणसाच्या करामती दाखवताना त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या आणि त्यांचं नावच 'काळा धागा' पडलं. काळ्यावर काळं म्हणजे धाग्यावरून उजेड परतच येत नाही, मग दिसणार काय? पुढे त्यांनी होमी वाडियांसाठीही भरपूर काम केलं. आज धाग्याऐवजी माणसाचं वजन पेलणारी जाड तार असते आणि ती उघड दिसते. नंतर संगणकावर त्या तारेच्या जागी शेजारच्या तसबिरीतला आभाळाचा तुकडा लावतात. फाटलेल्या गोधडीला त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ लावावं, तसं. एकेका तसबिरीत, सेकंदाला २४ ठिगळं.

डोळ्याला धावायला लावायचं नाही

दुसऱ्या भागाची कारागिरी शिकायची तर अलीकडचा एक सिनेमा पाहावाच. जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड', २०१५ चा. मॅड मॅक्स मालिकेतला हा चौथा, तिसऱ्यानंतर ३० वर्षांनी आलेला. नामिबियाच्या वाळवंटात चित्रित झालेला हा दोन तासांचा जवळजवळ अखंड पाठलाग आहे. तुकडे किती? सुमारे २,७००. म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांना दृश्य बदलतं. इतकं तुटक असूनही पाहणारा गोंधळत नाही, डोकं दुखत नाही. आपल्याकडे याहून कमी तुकड्यांच्या मारामाऱ्या पाहताना कोण कुणाला मारतंय हे कळेनासं होतं. मग इथे कसं कळतं?

हात लांब करून अंगठ्याकडे पाहा. आपला डोळा स्पष्ट पाहतो तो जेमतेम त्या अंगठ्याएवढाच भाग, बाकी सगळं अंधुक. स्पष्ट पाहायचं असेल तिथे नजर वळवावी लागते, आणि अचानक समोर आलेली गोष्ट शोधायला तिला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. चिखलीच्या बसस्थानकावर गर्दीत आपल्या गाडीची पाटी शोधतो तशी नजर पडद्यावर भिरभिरते. दृश्य पावणेतीन सेकंदांचं आणि त्यातला असा वेळ दर वेळी शोधण्यात गेला, तर पाहणं थकवणारच. मिलर आणि त्यांचे कॅमेरामन जॉन सील यांनी ठरवलं की महत्त्वाची गोष्ट, मग तो चेहरा असो की बंदूक, कायम चौकटीच्या मधोमध ठेवायची. दृश्य बदललं तरी पुढचं मुख्य ते आधीच्याच जागी. नजर हलत नाही, म्हणून दमत नाही. सिनेमाच्या शाळेत शिकवतात की चौकटीच्या मधोमध काही ठेवू नये, ते रटाळ दिसतं. एकेका चित्रापुरतं ते बरोबरही आहे. २,७०० चित्रांच्या धबधब्याला दुसरा नियम लागतो.

वेगाची जुनी युक्तीही इथे आहे. या सिनेमाचा बराच भाग २४ च्या वेगाने चाललेलाच नाही. एखादा तुकडा पाहणाऱ्याला नीट उमगत नसेल तर त्याचा वेग कमी करायचा, फारच सहज उमगत असेल तर वाढवायचा. १९२० सालचा कॅमेरामन मनगटाने करायचा तेच, फक्त चित्रीकरण झाल्यावर, संकलनाच्या टेबलावर. हे संकलन मार्गारेट सिक्सेल यांचं. त्यांच्यासमोर ४८० तासांचं चित्रण होतं. युद्धकाळातल्या ११,००० फुटांच्या मापाने मोजलं तर सुमारे २६ लाख फूट! त्यातून त्यांनी दोन तास काढले. त्याआधी त्यांनी मारधाडीचा सिनेमा कधी संकलित केलेला नव्हता. या कामाला ऑस्कर मिळालं.

धावत्या गाड्यांवर उंच खांबांना लटकून झुलणारी माणसं त्यात आहेत. ती खरीच माणसं आहेत. खांबाच्या बुडाशी जड वजन आहे, गोल बुडाच्या डोलणाऱ्या बाहुलीसारखं. त्यामुळे खांब झुकतो पण कोसळत नाही, आणि सावकाश, डौलात परत येतो. संगणकाचं काम झालेले तुकडे दोन हजारांच्या घरात आहेत, पण त्यांतलं पुष्कळसं काम सुरक्षेच्या तारा पुसणं, आभाळ बदलणं असं, म्हणजे ठिगळ लावण्याचंच. धोका खरा होता, आणि वजनही. पाहणाऱ्याला ते अंगात जाणवतं. मला या सिनेमात सर्वात जास्त आवडते ती हीच गोष्ट. नादिया स्वतः उडी मारायची तेव्हाही लोकांना हेच जाणवत असणार.

पडद्याच्या मागे बसलेले

एक गोष्ट राहिली, दिशा.

जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजा आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलं, त्यामुळे शिवकाळावरच्या सिनेमांना इथे गर्दी होतेच. दिग्पाल लांजेकर यांची मालिका, म्हणजे 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२) आणि पुढचे, एकाच कथेचा दुसरा, तिसरा भाग असल्यासारखीच पाहिली जाते. मृणाल कुलकर्णींच्या जिजाऊ एका सिनेमातून पुढच्या सिनेमात येत राहतात. बाजीप्रभूंची खिंड हे पडद्यासाठी सोन्यासारखं स्थळ आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण दिशा. खिंडीला दोनच तोंडं. एकीकडून शत्रू येणार, दुसरीकडे विशाळगड. त्या दोन टोकांमध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणा. कॅमेरा त्या दोरीच्या एकाच बाजूला राहिला की मावळे कायम डावीकडे तोंड करून लढताना दिसतील आणि शत्रू उजवीकडे तोंड करून. कॅमेऱ्याने दोरी ओलांडली की पुढच्याच क्षणी मावळे उजवीकडे वळलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे माघारी फिरले की काय? तलवार तीच, आवेश तोच, पण मनातला नकाशा विस्कटतो. मोकळ्या माळावरची लढाई चित्रित करताना ही दोरी प्रत्येक वेळी नव्याने ताणावी लागते. खिंडीत ती सह्याद्रीनेच ताणून दिलेली आहे.

तंबूत मात्र हा नियम रोज मोडल्यासारखा वाटायचा. पडदा पांढऱ्या कापडाचा, तंबूच्या मध्यावर टांगलेला. पुष्कळ ठिकाणी एका बाजूला पुरुष बसायचे आणि पलीकडे बायका. पलीकडून चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. नावं उलटी, तलवार डाव्या हातात, हंटरही डाव्या हातात, आणि इकडून उजवीकडे पळणारा टांगा तिकडून डावीकडे. पण तिकडच्यांसाठी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत डावीकडेच पळायचा, त्यांचीही दोरी शाबूत असायची, म्हणून त्यांचं काही अडायचं नाही.

चाकाचं कोडं सुटेना तेव्हा मी एकदा मध्येच उठून, पडद्याच्या कडेने वाकून, पलीकडे आजीच्या मांडीवर जाऊन बसलो होतो. वाटलं होतं, इकडून सगळंच उलटं दिसतं तर चाक तरी सुलटं दिसेल. टांगा आता डावीकडे चालला होता. चाक तिथूनही उलटंच फिरत होतं.